डावीकडची ओढ

१

गाडी एका बाजूला ओढते, अशी तक्रार आली की अमृतराव आधी पाना हातात घेत नसत. ते चाकाशेजारी उकिडवे बसायचे आणि टायरवरून तळहात फिरवायचे, आतून बाहेर, मग बाहेरून आत. रबर एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूनं खरखरीत लागलं, की चाक कसं चाललं असेल ते डोळे मिटूनही कळतं. आयटीआयच्या वर्गात ते दरवर्षी हेच सांगायचे, "गाडी बोलत नाही, पण लपवतही नाही. जिथं झिजली तिथं हात लावा. कशी चालली ते हाताला कळतं."

१९९९च्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच त्यांचा हात स्वतःच्या गाडीवरून फिरत होता. पांढरी अॅम्बेसिडर, जुनी, परभणीच्या नंबरची. हट्ट्याच्या नामाजींकडून घेतलेली.

गाडीची हौस त्यांना कधीच नव्हती. पण आदल्या वर्षी त्यांच्या पत्नीच्या, शकुंतलाबाईंच्या छातीत कळ आली, तेव्हा वसमतभर जीप शोधावी लागली होती. जीप मिळाली. दारात येऊन उभीही राहिली. तेव्हा तिची गरज उरली नव्हती. आता अंजली, त्यांची एकुलती एक मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आई नसलेल्या माहेरी. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "कळा सुरू झाल्या की घरी थांबायचं नाही. सरळ इकडे आणायचं." वैशाखात लग्नसराई. जीपवाले महिनाभर आधीच ठरलेले. दाराशी गाडी उभी पाहिजे, एवढंच अमृतरावांना कळत होतं.

थावराचं गॅरेज नांदेड रोडला होतं. थावरा त्यांचा जुना विद्यार्थी. आता स्वतःच्या पोराला मिशा फुटल्या तरी सरांशी बोलताना हातातली विडी मागं लपवायचा.

"सर, तुमी आत बसा अन् म्या म्हनलं की हलवा," असं म्हणून तो गाडीखाली सरकला.

हे काम दोघांचंच. एकानं आत बसून स्टिअरिंग थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं हलवायचं. दुसऱ्यानं खाली झोपून एकेका जोडावर हात ठेवायचा. जोड ढिला असला तर हाताला मध्ये पोकळ जागा लागते.

"हलवा. अजून. हां, बास." खालून हसणं ऐकू आलं. "ही गाडी न्हाई सर, लेकराचा खुळखुळा हाय. स्टेरिंगचा टायरॉड एंड गेला. बुश तर पापडावानी झालं."

"कुठल्या बाजूचं?"

"उजवीकडलं. डावीकडलं सगळं बराबर हाय." थावरा मागच्या चाकांकडं सरकला. "सर, मागच्या स्प्रिंगचे पाटेबी उजवीकडलेच बसलेत. ह्या गाडीला सरळ जानं ठाऊकच न्हाई बगा. आयुष्यभर डावीकडंच वळून राहिली."

अमृतराव उतरले. उजव्या टायरची बाहेरची कड पार घासून आतल्या तारा दिसत होत्या. डावं टायर कोरं असल्यासारखं. गाडी सतत डावीकडे वळत राहिली, तर वजन उजव्या अंगावर येणार आणि तिथंच सगळं झिजणार. यात न कळण्यासारखं काही नव्हतं. फक्त अशी झीज त्यांनी कधी पाहिली नव्हती. रस्त्यावरच्या गाडीला दोन्हीकडची वळणं घ्यावीच लागतात.

थावरानं पाट्यांच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घातला, तेव्हा त्याच्या तोंडावर भुसकट पडलं. तुरीचं.

"थू! नामाजीनं काय शेतात नेऊन उभी केली व्हती का हिला?"

२

जे जे गेलं होतं ते बदललं. पाटे सुटे करून डिझेलनं धुतले, उजव्या बाजूचे नवे भरले. पुढची दोन्ही टायर नवी घेतली. चाकांचा कोन नांदेडला जाऊन दुरुस्त करून आणला. थावरानं बॉनेटवर थाप मारली. "नवरी झाली सर. आता लेकीला फिरवून आना."

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर अमृतराव अंजलीला घेऊन कुरुंद्याच्या रस्त्याला निघाले. ती मागं पाय वर घेऊन बसली. बऱ्याच दिवसांनी हसत होती.

"आई असती तर पुढे बसली असती," ती म्हणाली. "आणि तुम्हाला 'हळू चालवा' म्हणत राहिली असती."

गाडी डावीकडे ओढत होती.

थोडीच. एखाद्या लहान मुलानं बोट धरून ओढावं तेवढी. त्यांनी स्टिअरिंग हलकेच उजवीकडे धरून ठेवलं. नवे भाग आहेत, बसायला वेळ लागतो, असं ते मनाशी म्हणत होते, तेवढ्यात डावं चाक कशावरून तरी गेलं.

"काय गेलं, बाबा?"

"खड्डा."

त्यांनी आरशात पाहिलं. रस्ता त्याच वर्षी डांबर टाकून केलेला होता, काळा आणि सपाट. त्यावर काहीच नव्हतं.

"गाडीत कुणी कडबा ठेवला होता का?" अंजलीनं नाक पुसलं. "वास येतोय."

पुढच्या काही दिवसांत अमृतरावांनी गाडी फार चालवली नाही. घर ते आयटीआय, आयटीआय ते घर. जाताना एक उजवं वळण, येताना एक डावं. आणि तरीही एका सकाळी त्यांनी नव्या उजव्या टायरवरून तळहात फिरवला, तेव्हा बाहेरची कड गुळगुळीत लागली.

त्यांनी हात धोतराच्या सोग्याला पुसला आणि पुन्हा फिरवला. मग गुडघे टेकून, गाल जमिनीला लावून मागं पाहिलं. धुतलेल्या पाट्यांच्या फटींत भुसकट होतं. पिवळट, दाबून बसलेलं.

वारा सुटलाय, त्यांनी स्वतःला समजावलं. शेजारी पारुबाई अंगणात तूर पाखडतात. भुसकट उडतं. उडालेलं भुसकट फटीत इतकं दाबून कसं बसेल, हा पुढचा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही.

थावराला मात्र त्यांनी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि चहाचा कप पुढे केला.

"सर, राग येऊ देऊ नका. झोप लागती का तुमाला? काकू गेल्यापासून तुमी लई वाळले. मानूस एकटं असलं की घरातला नळबी बोलतो."

"टायर मी एकट्यानं झिजवलं का?"

चहा पिऊन थावरा म्हणाला, "मैदानावर घेऊन चला. हात सोडून बगू, कुठं जाती ते."

३

मोंढ्यामागचं मैदान बाजाराचा दिवस नसला की रिकामंच असतं. दोघं सकाळीच गेले. थावरानं सगळ्या मैदानावर फिरून दगड, विटा बाजूला टाकल्या आणि कडेला उभा राहिला.

अमृतरावांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि स्टिअरिंग सोडून दिलं.

गाडीचे जोड ढिले असले की ती सोडल्यावर भरकटते, थोडी इकडे, थोडी तिकडे. ही भरकटली नाही. ती शांतपणे डावीकडे वळली आणि वळतच राहिली. तिनं एक गोल पुरा केला. दुसरा गोल पहिल्याच्या चाकोरीतून. बैल वाट ओळखतो तशी.

मग दणका बसला.

अमृतरावांना दणके ओळखता यायचे. दगडाचा दणका कडक असतो, सरळ हाडात येतो. खड्ड्यात चाक आधी पडतं, मग आदळतं. हा दोन्हींतला नव्हता. डावं चाक आधी थोडं दबलं, कशात तरी रुतल्यासारखं, आणि मग उचललं गेलं. आणि हलकेच खाली आलं.

ब्रेक दाबून ते उतरले. थावरा जागचा हलला नव्हता.

"चाक उचललं, सर," तो म्हणाला. "म्या बगितलं. इतकं उचललं. खाली काईच नव्हतं."

"शॉकअप अडकत असेल."

"व्हय. अडकत असंल." थावरानं विडी काढली, पण पेटवली नाही. सरांसमोर ती हातात आहे हेही तो विसरला होता. "पुन्यांदा नका फिरवू."

अमृतराव पुन्हा बसले. शिकवणारा माणूस एकदा पाहून थांबत नाही. त्यांनी गाडी त्याच गोलात सोडली. मोंढ्याची भिंत गेली, लिंबाचं झाड गेलं, पाण्याची टाकी आली. थावरा काचेतून मोठा होत गेला आणि मागं पडला. आणि अमृतरावांच्या तोंडून त्यांच्या नकळत शब्द निघाला, "आता."

चाक दबलं आणि उचललं गेलं.

परतताना थावरा पुढे, शेजारी बसला नाही. मागं बसला.

४

हट्ट्याला अमृतराव एसटीनं गेले. गाडी न्यायला हरकत नव्हती, पण डिझेल कशाला जाळा, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

नामाजींचा मळा गावाबाहेर. मेंढरं कुडाच्या सावलीत डोकी खाली घालून उभी होती. नामाजींनी बाज टाकली, पाणी दिलं. त्यांची आई नर्मदाबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती.

"गाडी बराबर चालती ना, मास्तर?" नामाजींनी विचारलं, पण बघत होते मेंढरांकडं.

"डावीकडे ओढते."

"व्हय. ओढती."

"तुम्ही ती खळ्यावर फिरवली होती का?"

नामाजींनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. "एकच साल. बैल लाळ्याच्या रोगानं बसलेले, ट्रॅक्टरवाला आज येतो उद्या येतो म्हनून राहिला. तुरीच्या राशी पडलेल्या. म्हनलं, हिचीच चाकं फिरवू. म्याच बसलो व्हतो. उजवीकडं बसनाऱ्याला आतल्या अंगाचं दिसत न्हाई, मास्तर. भूस असं छातीइतकं..."

त्यांनी पागोट्याचा सुटलेला पदर आत खोचला.

"दनका बसतो का?" ओट्यावरून नर्मदाबाईंनी विचारलं.

"माय, तू गप बस."

"मला इचारू दे रे." तिनं मान पुढे केली. "कोन्त्या चाकाला बसतो?"

"डाव्या. पुढच्या."

एखाद्या लांबच्या नातलगाची तब्येत कळावी तशी म्हातारीनं मान हलवली. "अजून फिरूनच राहिलं म्हना."

एक मेंढरू खाकरलं. अमृतरावांनी नजर दुसरीकडं वळवली, तेव्हा त्यांना खळं दिसलं. भोवतालचं रान नांगरून पडलेलं होतं, पण तो गोल तसाच ठेवलेला. शेणानं सारवलेला, ताजा. वैशाखात कुणी खळं सारवत नाही. कडेला लिंबाचं झाड होतं आणि त्याच्या खालच्या फांदीला एक झोळी बांधलेली होती. शेतात काम करताना बायका लेकरू झोपवायला बांधतात तशी. लुगड्याचा रंग उन्हानं उडून गेला होता. झोळी रिकामी होती. कुणी ती सोडलेली नव्हती.

अमृतरावांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर नामाजींनी सांगितलं असतं, हे त्यांना दिसत होतं.

"गाडी माघारी आनून द्या, मास्तर," नामाजी हळूच म्हणाले. "म्या ठिवून घेतो. मला कायबी बोलू नका, फकस्त आनून द्या."

"मुलीचे दिवस भरत आलेत. ते झालं की बघू."

"लेकीचं बाळंतपन हाय?" म्हातारी एकदम सावरून बसली. "पहिलं?"

"हो."

तिचा चेहरा मोकळा झाला. "बरं झालं," ती म्हणाली. "लई बरं झालं."

बाळंतपणाचं कळल्यावर कुणीही हेच म्हणतं. एसटीत बसल्यावर अमृतरावांनी स्वतःला हे पुन्हा पुन्हा सांगितलं. पण म्हणताना ती त्यांच्याकडं बघत नव्हती. झाडाकडं बघत होती.

५

गाडी परत द्यायची, हे त्यांनी वसमत येईपर्यंत ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी एका जीपवाल्याकडे गेले. त्यानं हात जोडले. दुसऱ्याची जीप वऱ्हाड घेऊन पुसदला. तिसऱ्याचा ड्रायव्हरच लग्नाला. आज नाही, उद्या बघू, असं करत गाडी दाराशीच राहिली.

भर दुपारी अंजलीनं आतून हाक मारली. त्या हाकेत काय आहे ते अमृतरावांना लगेच कळलं. पारुबाई धावत आल्या, कपड्यांचं गाठोडं घेतलं आणि अंजलीला धरून गाडीपर्यंत आणलं.

अमृतराव गाडीसमोर उभे होते. हातात किल्ली.

"अवो, काय बघून राहिले?" पारुबाई ओरडल्या. "पोरगी उन्हात उभी हाय!"

ओढणारी गाडी चालवता येते. तिची खोड ठाऊक असली की झालं. हे ते स्वतःच शिकवत आले होते. त्यांनी दार उघडलं.

नांदेडचा रस्ता त्यांनी आयुष्यात इतका ताठ बसून कधी कापला नव्हता. गाडी डावीकडे ओढत होती आणि आज ती बोट धरून ओढत नव्हती. त्यांचे दंड भरून आले. प्रत्येक मोरीला, प्रत्येक थांब्याला त्यांना वाटायचं, आता. पण दणका बसला नाही. मागं अंजली कण्हत होती आणि पारुबाई बोलत होत्या, "आलं बघ, आलं नांदेड. दम धर माय. तुझ्या आईसारखी हैस तू, घट."

शहर दिसू लागलं, तशी अंजली किंचाळली आणि त्याच क्षणी तो दणका आला.

चाकाखाली नाही. चाक रस्त्यावर सरळ होतं, स्टिअरिंगमध्ये काहीच जाणवलं नाही. पण आरशात त्यांना दिसलं, की मागच्या सीटवर अंजली आधी थोडी खाली दबली आणि मग उचलली गेली. तिला धरून बसलेल्या पारुबाईंचे हात तिच्याबरोबर वर गेले आणि हलकेच खाली आले.

"हळू की ओ!" पारुबाई म्हणाल्या.

आणि स्टिअरिंग हलकं झालं. पलीकडून कुणीतरी इतका वेळ धरून ठेवलेलं होतं, त्यानं हात सोडावा, तसं. अमृतराव जोर लावून उजवीकडं धरून होते, त्यामुळं गाडी एकदम तिकडं गेली. त्यांनी ती सावरली. तिथून दवाखान्यापर्यंत ती दोरी धरल्यासारखी सरळ चालली.

मुलगा झाला. दोघंही सुखरूप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आणलंत." दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून अमृतराव रडले. शकुंतलाबाई गेल्या तेव्हा त्यांना रडता आलं नव्हतं.

६

अंजली आणि बाळ घरी आल्यावर त्यांनी गाडी थावराकडं नेली.

थावरानं तिला रस्त्यावर नेलं, मैदानात नेलं, हात सोडून चालवली. परत आला तो हसत.

"लोन्यावानी चालती, सर! हात सोडला तरी नाकासमोर. गोल न्हाई, दनका न्हाई. काय केलं तुमी?"

"काही नाही."

"काईतरी केलं असंल की. काहून लपवून राहिले?"

"खरंच काही नाही केलं, थावरा."

थावरा गाडीखाली शिरला. बराच वेळ बोट घालून पाट्यांच्या फटी बघत राहिला. "भुसाचा कनबी न्हाई," तो खालून म्हणाला. "खोड गेली बगा. आपोआप गेली. पेढे घातले पायजे तुमी, दोन दोन गोष्टींचे."

अमृतरावांनी टायरवरून तळहात फिरवला. आतून बाहेर, बाहेरून आत. दोन्हीकडून सारखं लागलं.

खोड आपोआप जात नाही. झिजलेला भाग भरून येत नाही. ही गोष्ट ते इतकी वर्षं शिकवत आले होते. एखादा आवाज दुरुस्तीशिवाय थांबला तर पोरांना ते सांगायचे, खूश होऊ नका, तो कुठं गेला ते शोधा.

थावरानं पेढ्यांचा विषय पुन्हा काढला. अमृतराव हसले आणि म्हणाले, "घालतो."

७

माजघरात तुळईच्या कडीला झोळी बांधली होती. शकुंतलाबाईंच्या जुन्या, मऊ पडलेल्या साडीची. अंजलीनंच ती ट्रंकेतून काढली होती. "आईजवळ झोपल्यासारखं होईल त्याला," ती म्हणाली होती.

त्या दुपारी ती जेवायला स्वयंपाकघरात बसली. "बाबा, जरा झोका द्या ना."

अमृतरावांनी झोळीला हात लावला, एक झोका दिला आणि पेपर घेऊन खाली सतरंजीवर बसले. दोरीचा आवाज सुरू झाला. झोळी पुढं जाते तेव्हा एक, मागं येते तेव्हा एक. कर, कर. घरात बाळ असल्याचा आवाज. त्यांनी अग्रलेख वाचायला घेतला.

थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं, की आवाज बदललाय. दोन आवाजांचा एकच झाला होता. लांबलचक, न तुटणारा.

त्यांनी वर पाहिलं. झोळी पुढंमागं जात नव्हती. गोल फिरत होती.

झोका तिरका बसला की टांगलेली वस्तू गोल फिरते. दोरीला टांगलेला ओळंबा फिरतो, विहिरीतली बादली फिरते. हळूहळू गोल लहान होतो आणि वस्तू थांबते. अमृतरावांनी पेपर बाजूला ठेवला आणि झोळी थांबण्याची वाट पाहिली.

गोल लहान होत नव्हता. डावीकडून, खिडकीच्या बाजूनं, पुन्हा डावीकडं.

साडीच्या घडीत काहीतरी पिवळं दिसलं. भुसकटाचा एक कण. पारुबाई सकाळीच तूर पाखडत होत्या, त्यांनी मनाशी म्हटलं. दार उघडंच असतं.

मग, खिडकीजवळ, झोळीचा तळ, जिथं बाळाची पाठ टेकलेली होती तिथं, आधी थोडा दबला आणि मग उचलला गेला. आणि हलकेच खाली आला. खाली सकाळी पुसलेली फरशी होती. झोळी तिच्यापासून हातभर उंच होती.

बाळ रडलं नाही.

"झोपला का, बाबा?" अंजलीनं आतून विचारलं. तिच्या आवाजात जेवणाचं, उन्हाचं, बऱ्याच दिवसांनी आलेलं निवांतपण होतं.

अमृतराव गुडघ्यांवर खिडकीपर्यंत सरकले. झोळी धरून थांबवायला हवी होती. पण हाताला जी सवय होती तीच हातानं केली. झोळी जिथून जाणार त्या जागी, फरशीच्या वर, त्यांनी आपला तळहात धरला आणि डोळे मिटले.

"झोपलाय," ते म्हणाले. "तू जेव सावकाश."

दोरी करकरत भिंतीकडून वळली. दाराकडून आली.

आता.